मांजर कुणाचंच नसतं, हे खरं नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ज्वारी-हरभऱ्याची सुगी आटोपली की मराठवाड्यातल्या घरांत दोन गोष्टी एकदमच घडतात. धान्य घरात येतं आणि त्याच्या मागोमाग उंदीर येतात. संक्रांतीनंतर दिवस मोठा होऊ लागल्यावर माजावर आलेल्या मांजरीही याच सुमारास कडब्याच्या गंजीत, माळवदावरच्या अडगळीत, रिकाम्या बळदात वितात. पुढच्या महिना-दोन महिन्यांत यातली किती तरी पिलं पोत्यात घालून मोंढ्यात, आठवडी बाजारात नाही तर हमरस्त्यावरच्या धाब्याजवळ सोडली जातात. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : “मांजराचं काय, ते कुठंही जगतंय. मांजर घराचं असतं, माणसाचं नसतं.” या उत्तराबद्दलच हे पत्र आहे, कारण मांजरांची जी आबाळ होते ती बहुतेक याच समजुतीतून होते. त्यात क्रूरपणापेक्षा गैरसमज जास्त आहे आणि गैरसमज दूर करता येतो.

मांजर स्वतंत्र वृत्तीचं आहे, यात वाद नाही. त्याचा पूर्वज म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियातलं रानमांजर. ते एकट्याने शिकार करणारं. माणूस धान्य साठवू लागला, वस्तीत उंदीर वाढले, त्यांच्यामागे हे मांजर आलं आणि टिकलं. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं आहे. त्यात माणसापासून जेमतेम हातभर अंतरावर एक मांजर पुरलेलं आहे. त्या बेटावर मूळची मांजरं नव्हती, म्हणजे कुणी तरी ते मांजर, किंवा त्याचे पूर्वज, नावेत घालून तिकडे नेले होते. नुसते उंदीर मारण्यापुरता संबंध असता तर मेल्यावर शेजारी पुरलं नसतं.

अलीकडच्या अभ्यासांतूनही हेच दिसतं. अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली मांजरांना अनोळखी खोलीत सांभाळणाऱ्या माणसासोबत दोन मिनिटं ठेवलं, मग दोन मिनिटं एकटं ठेवलं आणि मग तो माणूस परत आत आला. जवळपास दोन तृतीयांश मांजरं माणूस परत येताच निवांत झाली. एकदा त्याच्या अंगाला घासून पुन्हा खोली हुंगत फिरू लागली. लहान मुलांवर अशाच प्रयोगात आईच्या आधाराने धीट होणारं मूल जसं वागतं, तसंच हे वागणं. जपानच्या अत्सुको साइतो यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मांजरांनी आपल्या माणसाचा आवाज परक्या आवाजांतून ओळखला. कान वळले, डोकं हललं. मांजर जागचं उठलं मात्र नाही. आपण नेमकं इथेच चुकतो. हाक मारल्यावर आलं नाही म्हणून “त्याला माया नाही” असं म्हणतो. त्याने हाक ऐकलेली असते आणि ओळखलेलीही असते.

आणखी एक गोष्ट कुणालाही घरी पाहता येईल. मोठी मांजरं एकमेकांशी क्वचितच ‘म्यांव’ करतात. आपसात शेपटी, कान, वास आणि गुरगुरणं यांवर त्यांचं भागतं. म्यांव ही पिलाने आईला घातलेली साद आहे आणि मोठेपणी ती मुख्यतः माणसासाठी राखलेली असते. दारात शेपटी उभी करून येणं हे अभिवादन. गालाचा, हनुवटीचा भाग आपल्या पायाला घासणं म्हणजे आपला वास तुम्हाला लावून तुम्हाला आपल्यात घेणं. तुमच्याकडे बघून डोळे हळूच मिटून उघडणं ही विश्वासाची खूण. इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठाच्या २०२० सालच्या अभ्यासात असं दिसलं की माणसाने तसेच हळूहळू डोळे मिटले तर मांजरही तसंच करतं आणि अशा अनोळखी माणसाच्या हाताजवळही लवकर येतं. रोखून पाहणं मात्र मांजराला धमकी वाटते. पाहुणे आले की मांजर नेमकं जो त्याच्याकडे बघत नाही त्याच्या मांडीवर जाऊन बसतं, ते यामुळेच.

स्पर्शाचंही तंत्र आहे. हात वरून डोक्यावर आणू नये. बोट नाकाच्या पातळीवर धरावं, त्याला हुंगू द्यावं, गाल घासला तरच पुढे जावं. गाल, हनुवटी, कानाच्या मुळाशी खाजवलेलं बहुतेकांना आवडतं. पोट, पाय, शेपटी यांना हात लावू नये. मांजर पाठीवर लोळून पोट दाखवतं ते विश्वास म्हणून. पोटाला हात लावायचं ते आमंत्रण नसतं. तीन-चार सेकंद कुरवाळून हात थांबवावा. डोकं पुन्हा हाताखाली आलं तर चालू ठेवावं, नाही तर सोडून द्यावं. शेपटी आपटणं, पाठीची कातडी थरथरणं, कान आडवे होणं दिसलं की थांबायचं. “एकदम चावलं” अशी तक्रार असते तिथे या खुणा आधी दिसून गेलेल्या असतात. लहान मुलांना एवढं शिकवलं तरी निम्मे ओरखडे टळतील.

माणसाळण्याचं वय फार थोडं असतं. दुसऱ्या आठवड्यापासून सातव्या आठवड्यापर्यंत पिलाच्या अंगावरून रोज अर्धा तास, दोन-चार वेगवेगळ्या माणसांचा हात फिरला तर ते जन्मभर माणसाला भीत नाही. हा काळ माणसाशिवाय गेला तर ते मांजर पुढे अन्नाला येईल, पण हाताला येईलच असं नाही. अशा मांजराला धरून बांधून माणसाळवण्याचा हट्ट करू नये. रोज ठरल्या वेळी ठरल्या जागी खायला ठेवून सहा-सात फुटांवर बसून राहणारा माणूस त्याचाच असतो. ते मांजर त्याच्या सायकलचा आवाज ओळखतं, त्याची वाट बघतं. संबंध एवढ्याच अंतरावर राहिला म्हणून तो खोटा ठरत नाही. माणसाळवायच्या घाईत पिलू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडणं मात्र चूक; चावायचं किती जोराने, पंजा कधी आवरायचा हे त्याला आई आणि भावंडंच शिकवतात.

मांजर पिलांना सात घरं दाखवतं म्हणतात. जागा बदलण्यामागे बोक्याची भीती, पिसवांचा त्रास, माणसांची वर्दळ अशी साधी कारणं असतात. गंजीत एकटं पिलू दिसलं की लगेच उचलू नये. आई शिकारीला किंवा दुसरं पिलू हलवायला गेलेली असते. लांबून काही तास पाहावं. ऊन थेट अंगावर येत असेल किंवा मुंग्या लागल्या असतील तर तेवढ्यापुरतं जवळच सावलीत सरकवावं. आई खरोखर गेली असेल तर पहिली गोष्ट ऊब, दूध नंतर. अंग गार असताना पोटात घातलेलं दूध पचत नाही आणि पिलू दगावतं. कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली शेजारी ठेवावी. पाजायला गाई-म्हशीचं दूध नव्हे, पिलांसाठी मिळणारी दुधाची पावडर. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पाजताना पिलू पोटावर, डोकं थोडं वर. तान्ह्या बाळासारखं उताणं धरलं की दूध फुप्फुसात जातं. प्रत्येक वेळी पाजल्यावर ओल्या कापसाने शू-शीची जागा हलकेच पुसावी, कारण सुरुवातीचे तीनेक आठवडे त्याशिवाय पिलाला होतच नाही. जन्मतः साधारण १०० ग्रॅमचं पिलू रोज १० ते १५ ग्रॅमने वाढलं पाहिजे. किराणा दुकानातल्या छोट्या काट्यावर रोज वजन केलं की आजार दिसायच्या आधी कळतो.

खाण्याबद्दल सर्वांत मोठा गैरसमज आपल्याकडे दूध-भाकरीचा आहे. मांजर पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. टॉरीन नावाचं द्रव्य त्याच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही, ते मांसातूनच मिळावं लागतं. ते कमी पडलं की काही महिन्यांत डोळ्याचा पडदा झिजतो, हृदयाचे स्नायू सैल पडतात. अंधत्व आलं की ते परत फिरत नाही. दूध-भाकरीवरची मांजरं इतकी वर्षं जगली, असं लोक म्हणतात. ती भाकरीवर जगली नाहीत, उंदरांवर जगली. उंदीर कमी असलेल्या सिमेंटच्या घरात, पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तीच दूध-भाकरी मांजराला आंधळं करू शकते. मोठ्या मांजराला बहुधा दूध पचतही नाही, पातळ शी होते आणि मग “मांजर घाण करतं” म्हणून तेच बाहेर हाकललं जातं.

चार किलोच्या मांजराला दिवसाला मांजरांचं कोरडं खाद्य ५० ते ६० ग्रॅम पुरतं. नाही तर उकडलेलं कोंबडीचं मांस १२५ ते १५० ग्रॅम, हाडं काढून आणि उकडलेल्या पाण्यासकट, कारण टॉरीन पाण्यात उतरतं. कोंबडीचं काळीज म्हणजे हृदय उत्तम. कलेजी म्हणजे यकृत मात्र आठवड्यातून एखाद-दोन वेळा, बोटभर. निव्वळ मांसावर कॅल्शियम कमी पडतं, म्हणून निम्मं तयार खाद्य आणि निम्मं मांस ही परवडणारी विभागणी. ज्या घरात मांस शिजत नाही तिथे तयार खाद्यच द्यावं. कुत्र्याचं खाद्य चालत नाही. बाजारातली सुकट द्यायची तर आधी तासभर पाण्यात भिजवून ते खारट पाणी फेकावं. मसाल्याच्या रश्श्यातला तुकडा देऊ नये. कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, शिजवलेला असला तरीही.

एका उंदरात साधारण ३० कॅलरी असतात आणि मांजराची दिवसाची गरज २०० ते २५० कॅलरी. म्हणजे निसर्गातच ते दिवसभरात सात-आठ वेळा थोडं थोडं खाणारं जनावर आहे. दिवसातून एकदा ताटभर देण्यापेक्षा तीन-चार वेळा मूठभर द्यावं. शेतकरी बांधवांची नेहमीची शंका असते की खायला दिलं तर उंदीर धरणार नाही. तसं होत नाही. मांजराची शिकारीची ओढ भुकेवर अवलंबून नसते. पोट भरलेलं मांजरही उंदीर धरतंच. उलट नेमाने खायला मिळणारं मांजर आखाडा म्हणजे शेतावरची वस्ती, गोठा सोडून लांब भटकत नाही, म्हणजे उंदीर तुमच्याच कणगीजवळचे कमी होतात. उपाशी ठेवलेलं मांजर चांगली शिकार करतं, हा हिशेब चुकीचा आहे.

आता विषाकडे येऊ. आपल्या भागात मांजराच्या मरणाचं हे टाळता येण्याजोगं कारण आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही. सुगीनंतर धान्याजवळ झिंक फॉस्फाईड किंवा ब्रोमॅडिओलोनच्या वड्या ठेवल्या जातात. झिंक फॉस्फाईडने मेलेल्या उंदराच्या पोटात न पचलेलं विष असतं. मांजराने तो आतड्यासकट खाल्ला तर तेच विष त्याच्या पोटात जातं आणि काही तासांत उलट्या, धाप, झटके सुरू होतात. ब्रोमॅडिओलोन याहून फसवं. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. दोन-चार दिवस मंद होऊन उघड्यावर हिंडतो आणि मांजराला आयता सापडतो. विष उंदराच्या यकृतात साठलेलं असतं. असे काही उंदीर खाल्ले की तीन ते पाच दिवसांनी मांजर मलूल होतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून किंवा शीतून रक्त जातं. यावर व्हिटॅमिन के-१ हा उतारा आहे, पण तो तीन-चार आठवडे द्यावा लागतो. दोन दिवसांत मांजर उठून बसलं म्हणून औषध थांबवलं की पुन्हा रक्तस्राव होतो. दवाखान्यात जाताना विषाचं पाकीट सोबत न्यावं, कारण दोन्ही विषांचे उपचार वेगळे.

मांजर आणि उंदराचं औषध एका घरात नांदत नाही, हे पक्कं धरावं. कणगी, पोती जमिनीपासून हातभर उंच फळीवर आणि भिंतीपासून सुटी ठेवावीत. अर्ध्या इंचाच्या भोकातून उंदीर सहज शिरतो, चिचुंद्रीएवढं पिलू त्याहून बारीक फटीतून. ती भोकं तारेची जाळी कोंबून वर सिमेंटने बुजवावीत. चाप आणि पिंजरे लावावेत. धान्याच्या कोठीत कीड मारणाऱ्या सल्फासच्या विषारी गोळ्या टाकल्या असतील तर ती खोली माणसांनाही वर्ज्य, तिथे मांजर अडकलेलं नाही ना हे बंद करण्यापूर्वी बघावं.

गोठ्यातली गोचिडाची औषधं हे दुसरं संकट. सायपरमेथ्रीन, डेल्टामेथ्रीन, अमिट्राझ ही जनावरांवर फवारायची औषधं मांजराला सोसत नाहीत; पहिली दोन मोडून टाकणारी व्यवस्था तर त्याच्या यकृतात तोकडीच असते. मांजर ओल्या गव्हाणीवरून चालतं आणि मग पाय चाटतं. लाळ गळणं, अंगाला कंप, झटके दिसले तर भांडी घासायच्या साबणाने कोमट पाण्यात अंग धुवावं आणि थेट दवाखाना गाठावा. फवारणी वाळेपर्यंत मांजर कोंडून ठेवणं हा साधा उपाय. पिसवांसाठी मांजराचंच, वजन बघून दिलेलं, मानेच्या मागे टाकायचं औषध मिळतं. कुत्र्याचं उरलेलं औषध मांजराला लावू नये. तापासाठी घरातली पॅरासिटामॉलची गोळी तर मुळीच नको. एकच गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. फिनाईल आणि डांबरगोळ्याही त्याला बाधतात.

उन्हाळा तोंडावर आहे. पारा ४० च्या वर गेला की पत्र्याच्या घरातलं, गोठ्यातलं मांजर हाल काढतं. त्याला घाम फक्त पंज्यांच्या गादीतून येतो. पाण्यासाठी मातीचा पसरट परळ घ्यावा, तीन ठिकाणी सावलीत ठेवावा आणि सकाळ-संध्याकाळ पाणी बदलावं. अन्नाच्या ताटलीशेजारी ठेवलेलं पाणी मांजर बऱ्याचदा पीत नाही, म्हणून परळ अन्नापासून चार पावलं लांब. तोंड उघडं टाकून धापा टाकणारं मांजर म्हणजे आणीबाणी. पंजे आणि पोट साध्या पाण्याने भिजवावं, वारा घालावा, बर्फ लावू नये आणि दवाखान्यात न्यावं.

टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या गावांत आणखी एक धोका आहे. दारोदारी प्लास्टिकचे निळे ड्रम अर्धे भरलेले असतात. तहानलेलं मांजर काठावरून वाकतं, आत पडतं आणि गुळगुळीत कडेवर नखं रुतत नाहीत म्हणून बुडून मरतं. ड्रमवर झाकण नाही तर निदान गोणपाटाची एक पट्टी काठावरून तळापर्यंत सोडून वर घट्ट बांधावी. तिला धरून मांजर, खार, पाल सगळेच बाहेर येतात. प्यायचं पाणीही वाचतं; सध्या त्याची किंमत कुणाला सांगायला नको.

उन्हाळ्यात बोक्यांची लघवी तुंबण्याकडेही लक्ष हवं. पाणी कमी आणि फक्त कोरडं खाद्य असेल तर हा धोका वाढतो. बोका पुन्हा पुन्हा वाळूत बसतोय, कण्हतोय, थेंबही येत नाही, ही बद्धकोष्ठता समजून लोक एरंडेल पाजतात. मूत्रनळी पूर्ण बंद झाली तर एक-दोन दिवसांत बोका मरतो. त्याच दिवशी नळी घालून मोकळी करणं एवढाच इलाज आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचा वेगळा विचार व्हायला हवा. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून कुटुंबं निघतात, घराला कुलूप लागतं आणि थेट मार्च-एप्रिलमध्ये परत येणं होतं. मांजर मागे राहतं. त्याला सोबत कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवर, नेण्यापेक्षा गावातच ठेवणं बरं. नवख्या जागी सोडलेलं मांजर जुनं घर शोधायला निघतं आणि उसाच्या फडात किंवा रस्त्यावर संपतं. मागे राहणाऱ्या आजी-आजोबांकडे किंवा शेजाऱ्यांकडे ठेवायचं तर निघायच्या पंधरा दिवस आधीपासून त्याच हाताने, त्याच ताटलीत खायला सुरू करावं. आपली वापरलेली, न धुतलेली चादर त्याच्या झोपायच्या जागी ठेवावी. परतल्यावर मांजर दोन दिवस तोंड फिरवून बसलं तर त्याला उचलू नये. वास ओळखून ते आपणहून येतं. कायमचं घर बदलायचं असेल तर नव्या घरात दोन-तीन आठवडे एका खोलीपासून सुरुवात करून आत ठेवावं, मगच दार उघडावं, तेही भुकेच्या वेळेआधी. या काळात मांजराने दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही तर वाट बघू नये. उपाशी मांजराच्या, विशेषतः जाड्या मांजराच्या, यकृतात चरबी साठून ते दगावतं.

या सगळ्याच्या मुळाशी संख्येचा प्रश्न आहे. मांजरी पाच-सहा महिन्यांची असताना माजावर येते, ६३ ते ६५ दिवसांत विते आणि पिलं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. पिलं पोत्यात घालून सोडल्याने काहीच थांबत नाही. मागे राहिलेली आई दोन-अडीच महिन्यांत पुन्हा वितेच. जनावराला भूक-तहानेने तडफडायला सोडून देणं हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली गुन्हाही आहे. माज थांबवण्यासाठी माणसांच्या गोळ्या किंवा हार्मोनची इंजेक्शनं द्यायची पद्धत आहे. त्यातून गर्भाशयात पू होतो, स्तनांत गाठी येतात. उपाय एकच, नसबंदी.

नसबंदी चार-पाच महिन्यांपासून करता येते. दूध पाजणाऱ्या मांजरीची नसबंदी पिलं खायला लागल्यावर, म्हणजे सहा ते आठ आठवड्यांची झाल्यावर करावी. हाताला न येणाऱ्या मांजराला पळत धरायला जाऊ नये. आठ-दहा दिवस पिंजऱ्याचं दार बांधून उघडं ठेवावं आणि खायला आतच द्यावं. ठरल्या दिवसाच्या आदल्या रात्री खाणं बंद, पाणी चालू. सकाळी वासाच्या मासळीचा एक छोटा तुकडा पिंजऱ्याच्या टोकाशी. लहान पिलाला मात्र रात्रभर उपाशी ठेवू नये, तीन-चार तास पुरे, नाही तर त्याच्या रक्तातली साखर उतरते. माणसाळलेल्या मांजरासाठी पिंजरा नसेल तर टोमॅटोचे दोन कॅरेट तोंडाला तोंड लावून केबल टायने बांधले की उत्तम वाहन होतं. तळाला कागद, वरून सुती कापड; अंधार झाला की मांजर शांत राहतं. पोत्यात घालून मोटरसायकलवर नेलेलं मांजर उन्हात गुदमरतं, आणि अशा अवस्थेत भूल देणं अधिकच धोक्याचं.

भूल उतरेपर्यंत कॅरेटमध्येच, डोकं थोडं खाली. बोका एक-दोन दिवसांत, मांजरी सात ते दहा दिवसांनी मोकळी. टाक्यांतून पाणी, सूज, दुर्गंधी दिसली तर परत दाखवावं. भटक्या मांजराच्या डाव्या कानाचं टोक भुलीतच कापतात, म्हणजे तेच मांजर पुन्हा धरलं जात नाही. त्याला जिथून आणलं तिथेच सोडायचं. त्याची माणसं, जागा, पाणी सगळं तिथे असतं. नंतर खाणं पाव हिश्श्याने कमी करावं, नाही तर वजन वाढतं. “नसबंदी केली की मांजर मंद होतं, उंदीर धरत नाही” हे खोटं आहे. बोक्यांची भांडणं, रात्रीची ओरड आणि भिंतीवर उडवलेली लघवी मात्र बरीच कमी होते.

लसीचंही तेच. आठव्या आठवड्यापासून तिहेरी लस, चार आठवड्यांनी पुन्हा, सोळाव्या आठवड्यापर्यंत; तिसऱ्या महिन्यात रेबीजची आणि पुढे दरवर्षी. तिहेरीतला पॅनल्युकोपेनिया हा उलट्या-जुलाबाचा आजार पिलांच्या आख्ख्या वेतासकट घर रिकामं करतो. त्याचा विषाणू फरशीत महिनोन्‌महिने टिकतो, फिनाईलने मरत नाही. एका भागाला तीस भाग पाणी घालून केलेल्या ब्लीचने मरतो. तिथे मांजर फरशी वाळल्यावरच सोडावं. मांजर चावलं किंवा ओरबाडून रक्त आलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी. चुना, हळद, तिखट काही भरू नये. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जावं. कातडीत देण्याच्या लसीचे डोस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असतात, मधला एकही चुकवू नये. गरोदर बाईने मांजर घराबाहेर काढायची गरज नाही. वाळू रोज दुसऱ्या कुणी तरी बदलावी, कारण शीमधले टोक्सोप्लाझ्माचे बीजाणू संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो. कच्चं-अर्धकच्चं मांस आणि न धुतलेली भाजी यांतून तो धोका जास्त येतो.

संपादक महोदय, आपल्यामार्फत दोन विनंत्या. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांचं काम प्रामुख्याने गाई-म्हशी, शेळ्यांचं आहे आणि ते तसंच असावं. पण महिन्यातला एक ठरलेला दिवस मांजरांच्या नसबंदी आणि लसीकरणाला द्यावा, तो दिवस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा. त्यासाठी मोठी सामग्री लागत नाही. तान्ह्या बाळांचा वजनकाटा, कारण भुलीचं औषध ग्रॅमच्या हिशेबाने बसतं, आणि भूल उतरेपर्यंत ठेवायला एक सावलीची, बंद खोली. परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या शिक्षकांनी दवाखान्यांतल्या डॉक्टरांसाठी मांजराची भूल आणि शस्त्रक्रिया यांवर दोन दिवसांचं शिबिर घेतलं तर आठही जिल्ह्यांत हे काम सुरू होऊ शकतं.

दुसरी विनंती आपल्याच वृत्तपत्राला. ड्रममधली गोणपाटाची पट्टी, विषाची लक्षणं, आणि बोक्याची तुंबलेली लघवी या तीन गोष्टी एका चौकटीत, मोठ्या अक्षरात, एप्रिल संपायच्या आत छापाव्यात. मे महिन्यात छापून उशीर झालेला असेल.

आपले,
मांजरांची निगा राखणारे काही वाचक, परभणी